पांढऱ्या पट्ट्याची मादी

चहाच्या दोन गाळण्या. तोंडाला तोंड लावलेल्या, कडेने बारीक तारेने शिवलेल्या.

संग्रहालयाचा तिसरा मजला, कपाट चौदा, खण एक्केचाळीस. डांबरगोळ्यांचा वास. तपकिरी पतंगांच्या आठ रांगा, प्रत्येकाच्या पोटाखाली टाचणीत ओवलेलं नखाएवढं लेबल. या कपाटातली सहाशे बारा लेबलं एकाच हातची आहेत. अक्षर मोहरीएवढं, ‘र’ची शेपटी जरा लांब.

इस्पितळातून फोन. “तुमच्या ताईंनी ऑपरेशनची तारीख पुन्हा रद्द केलीय. ही तिसरी वेळ. तुम्हाला माहीत असेलच.” मला पहिलीसुद्धा माहीत नव्हती.

एका फ्रीजमधला अंड्यांचा कप्पा. त्यात अंडी नाहीत, कोश आहेत.

या जातीच्या पतंगाला तोंड नसतं. कोशातून बाहेर पडल्यावर तो आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात काहीही खात नाही.

छपाईच्या दुकानावरची खोली. दिवेलागणीची वेळ. चाळीसेक माणसं सतरंजीवर डोळे मिटून बसली आहेत. प्रत्येकाच्या मांडीवर एक पांढरा रुमाल. खिडक्या सताड उघड्या. कुणी खोकतसुद्धा नाही. मग उजवीकडच्या खिडकीतून पहिला येतो, तळहाताएवढा, आवाज न करता, आणि मागच्या रांगेतली एक बाई हळूच विचारते, “आली का हो कुणी?”

या सगळ्या गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत. ज्या दिवशी त्या जोडून दाखवायला हव्या होत्या, त्या दिवशी मी हार घालून खुर्चीवर बसलो होतो. आता जोडतो.

*

ती खोली ज्यांची, त्यांना सगळे ‘बोलावणारे काका’ म्हणत. गेलेल्या माणसांना बोलावणारे. आवाज मऊ, कपडे इस्त्रीचे. भस्म नाही, जटा नाहीत, दक्षिणाही नाही. म्हणूनच शिकलेली माणसंही जिना चढून वर जात.

“प्रत्येक आत्म्याची एक फ्रिक्वेन्सी असते,” काका सांगत. “टॉवर दिसत नाही, पण तुमच्या मोबाइलला रेंज येते की नाही? तसंच हे. हा रुमाल म्हणजे तुमचं सिमकार्ड. जपून ठेवायचा. धुवायचा नाही. साबण लागला की नंबर बंद. येताना अत्तर, पावडर, सेंट काही लावायचं नाही. त्यांना माणसाचा वास हवा असतो.”

त्यांच्या खुर्चीमागे स्टुलावर एक जुना लाकडी रेडिओ होता. त्याला काका यंत्र म्हणत. यंत्राला वायर नव्हती. हे चाळीसजणांपैकी एकालाही खटकलं नव्हतं, आणि पहिल्या दिवशी मलाही नाही.

पतंग आले की आधी त्या रेडिओभोवती घिरट्या घालत आणि मग कुणाच्या तरी रुमालावर उतरत. ज्याच्या मांडीवर उतरला, त्याचं माणूस आलं.

“माझी बायको आयुष्यात कधी वेळेवर आली नाही,” बसमधून निवृत्त झालेले कंडक्टर मला कौतुकाने म्हणाले होते. “सिनेमाला, लग्नाला, कुठेच नाही. आता बघा. पावणेसात म्हणजे पावणेसात.”

“अन्नाचा कण घेत नाही, पाण्याचा थेंब घेत नाही,” काका पुढे म्हणत. “देहाची भूक संपलेला जीव आहे हा.” मग भिंतीकडे बोट दाखवत. भिंतीवर प्लास्टिकच्या आवरणात घातलेला एक छापील कागद होता. “आणि हे मी नाही म्हणत. हे शास्त्र म्हणतं. सरकारी संग्रहालयातल्या साहेबांनी सहीनिशी लिहून दिलंय की असा जीव या जगात आधी कुणाला ठाऊक नव्हता. नव्याने आला. कुठून आला, ते आपण समजायचं.”

त्या कागदावरची सही माझी आहे.

*

माझं काम सांगायला सोपं आहे. दिव्यावर येणारे पतंग असतात ना, ते. एकसारखे दिसणारे दोन वेगळे आहेत का, आणि वेगळे दिसणारे दोन एकच आहेत का, हे ठरवायचं. नवा निघाला तर त्याला नाव द्यायचं, वर्णन छापायचं, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केलं त्याला लाल लेबल लावून कपाटात ठेवायचं. सव्वीस वर्षं मी एवढंच केलं.

पंखांचे रंग फसवे असतात, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. ऊन, थंडी, उपासमार, कशानेही रंग बदलतो. खरी ओळख पोटाच्या टोकाशी असते. तिथे नर-मादीचे कठीण अवयव असतात, आणि प्रत्येक जातीचे ते कुलूप-किल्लीसारखे आपापसातच बसतात. म्हणून पोट मोडून घ्यायचं, कॉस्टिक सोड्यात उकळायचं, आतलं बारीक सामान सुईने वेगळं काढायचं आणि काचपट्टीवर बसवायचं. मग जुन्या पट्ट्यांशी ताडून बघायचं. काचपट्टीशिवाय नवी जात जाहीर करणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

आमच्याकडे काचपट्ट्या करायला एक बाई आहेत. तीस वर्षं करतायत. त्यांना सगळे स्लाइडबाई म्हणतात.

माझी भाची दर सुट्टीत त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लेबलं लिही. ताईची एकुलती एक. आम्ही तिला टाचणी म्हणायचो, कारण काडीसारखी होती आणि बोलणं टोचरं. “मामा,” ती विचारी, “तू इतकी वर्षं पतंगांना नावं देतोस, माझं नाव कुणाला देशील?” मी म्हणे, “एखादा कटकट्या सापडू दे.”

बाविसाव्या वर्षी ती मेंदूज्वराने गेली. पाच दिवसांत.

त्यानंतर अकरा महिन्यांनी एक माणूस बुटाच्या खोक्यातून पतंग घेऊन माझ्या टेबलाशी आला. मऊ आवाज, इस्त्रीचे कपडे. पूर्वी रेशमाच्या कोशांच्या केंद्रात होतो म्हणाला. खोक्यात खण एक्केचाळीसमधल्यासारखीच एक मोठी तपकिरी मादी होती, पण पुढच्या पंखांवर आडवा पांढरा पट्टा. असा पट्टा मी कधी पाहिला नव्हता.

“हिला कापू नका साहेब,” तो म्हणाला. “एकच आहे.”

मी कापली नाही. त्याने सांगितलं म्हणून नाही. पुढच्या महिन्यात टाचणीचं वर्षश्राद्ध होतं आणि मला नाव द्यायचं होतं.

“स्लाइड कुठाय?” स्लाइडबाईंनी विचारलं होतं.

“एकच नमुना आहे बाई. पोट मोडलं तर रूप जाईल.”

“पोट मोडायलाच असतं,” त्या म्हणाल्या. “पाऊण तासाचं काम आहे. करून देते.”

“नंतर बघू.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा आपल्या पट्टीवर वाकल्या. त्यांना नाव माहीत होतं.

वर्णन छापून आलं. नव्या जातीला टाचणीचं नाव, तिचं खरं नाव, लॅटिन वळण देऊन. मी एक प्रत ताईला नेऊन दिली. तिने ते नाव बोटाने वाचलं, परत वाचलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. बाहेर येऊन म्हणाली, “म्हणजे आता ही कायम राहणार?”

“कायम,” मी म्हणालो.

एक प्रत नमुना आणणाऱ्यालाही पाठवायची पद्धत आहे. मी सही करून पाठवली.

*

चार महिन्यांनी ताईचा फोन आला. आवाजात कितीतरी दिवसांनी जीव होता.

“शनिवारी मोकळा आहेस ना? काकांना तुझा सत्कार करायचाय.”

“कोण काका?”

“ये तर. आणि सेंट लावून येऊ नकोस.”

मी गेलो. माझा तो बुटाच्या खोक्यावाला तिथे काका होता. त्याने मला खुर्ची दिली, हार घातला, “हेच ते साहेब” म्हणून उभं केलं. चाळीस माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी मोठ्या डॉक्टरांकडे वळलेली पाहिली आहे. मला ती आवडली. हे लिहिताना कान गरम होतायत, पण आवडली.

मग दिवे मंद झाले आणि ते आले. मी मोजले. सवयच आहे. एकोणीस. एक ताईच्या रुमालावर उतरला. ताईने ओंजळ केली आणि खाली वाकून त्याच्याशी काहीतरी बोलली. परीक्षेचा निकाल लागल्याच्या दिवशी टाचणीशी बोलत असे, तसं.

मी पुढे झुकून पाहिलं. त्याच्या पंखांवर पांढरा पट्टा नव्हता.

एकोणिसांपैकी एकाच्याही नव्हता. सगळे साधे, खण एक्केचाळीसमधले. आणि सगळ्यांच्या मिशा पिसासारख्या रुंद होत्या. मादीच्या मिशा दोऱ्यासारख्या असतात. पिसासारख्या फक्त नराच्या. म्हणजे कंडक्टरांची बायको नर, मागच्या रांगेतल्या शिंपीणबाईंची आई नर, आणि ताईच्या ओंजळीत जे थरथरत होतं तेही नर.

या जातीची मादी जागची हलत नाही. नुसता गंध सोडते. माणसाला तो येत नाही. नराला या मिशांनी कोसभर लांबूनही येतो. ती जिथे असेल तिथे नर जातात, आणि तिच्या गंधाचं फडकं जिथे असेल तिथेही जातात. मी रेडिओकडे पाहिलं. मग चाळीस न धुतलेल्या रुमालांकडे पाहिलं.

तिथल्या तिथे मला सगळं कळलं होतं. त्याहून वाईट एक गोष्ट कळली होती. रेडिओत त्याची तसलीच दुसरी मादी असणार, पांढऱ्या पट्ट्याची, आणि तिच्यासाठी जर हे साधे नर धावून येत असतील, तर ती वेगळी जात नव्हती. जे मी काचपट्टीवर पाहायला हवं होतं, ते एकोणीस पतंगांनी मिशांनी ओळखलं होतं. माझी नवी जात म्हणजे काहीच नव्हती.

घरी परतताना ताई म्हणाली, “तू शास्त्रातला माणूस, म्हणून विचारते. खरं ना रे?”

“तुला बरं वाटतंय ना,” मी म्हणालो.

एवढंच बोललो. मनाला सांगितलं, बाईला समाधान मिळतंय, कुणाचं काय जातंय. पुढच्या आठवड्यात ताईला आंघोळ करताना छातीत गाठ लागली.

*

इस्पितळाचा फोन पाच महिन्यांनी आला. मी तसाच ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती, गजाला रुमाल बांधून.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू उगीच घाबरतोस.”

“तीन तारखा रद्द केल्यास, ताई.”

“काका म्हणाले, भूल दिली की तार तुटते. मग तिला मी सापडणार नाही. आधीच एकदा ती मला न सांगता गेली.” तिने रुमालाची गाठ घट्ट केली. “गाठ दुखत नाही रे. लिंबाएवढी तर आहे.”

त्याच वेळी खिडकीत फडफड झाली आणि एक पतंग रुमालावर बसला. ताई हसली. मी त्याच्या मिशा पाहिल्या आणि खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोक्यातून लाल लेबलाचा नमुना काढला आणि स्लाइडबाईंच्या टेबलावर ठेवला.

“आता आठवण झाली,” त्या म्हणाल्या. पण लगेच चिमटा घेतला, पोटाचं टोक मोडलं, बशीत कॉस्टिक ओतलं. आमचा चहा झाला, त्यांच्या नातवाचं कौतुक ऐकून झालं, तोवर पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली होती. शेजारी त्यांनी खण एक्केचाळीसमधली जुनी पट्टी ठेवली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“अहो, हे तर घरचंच कार्टं आहे.”

“आणि पट्टा?”

“कोशांच्या केंद्रातून यायचे की असे. मादी हव्या त्या दिवशी बाहेर पडावी म्हणून कोश फ्रीजमध्ये ठेवतात. थंडी लागली की एखादीचे रंग चुकतात. तुमच्या टेबलाशी येऊन सांगणार होते मी.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण तुम्ही तिचं नाव लिहून बसला होतात.”

*

शनिवारी आम्ही दोघं गेलो. ताई पहिल्या रांगेत होती. काकांनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. पतंग येईपर्यंत भिंतीशी उभा राहिलो, आणि बऱ्याच जणांच्या मांड्यांवर एकेक बसल्यावर पुढे गेलो.

“साहेब, बसा. तार तुटेल.”

मी रेडिओ उचलला.

“यंत्राला हात लावू नका.”

“त्याला वायर नाही,” स्लाइडबाई मागून म्हणाल्या, बसमध्ये तिकिटासाठी सुटे मागावेत तशा.

रेडिओ छातीशी धरून मी जिन्याच्या सज्जात गेलो आणि थांबलो. आधी एक आला. मग तीन. मग खोलीतले रुमाल रिकामे होत गेले. कंडक्टरांची बायको उठली, शिंपीणबाईंची आई उठली, आणि सगळे येऊन माझ्या शर्टावर, मानेवर, कानावर बसले. लोक दारात गोळा झाले. इतक्या घरांतले मेलेले लोक अंगावर घेऊन मी तिथे उभा होतो, आणि कुणालाही हसू आलं नाही.

रेडिओची मागची फळी सरकती होती. आत चहाच्या दोन गाळण्या, तारेने शिवलेल्या. त्यांच्या आत ती बसली होती. पुढच्या पंखांवर पांढरा पट्टा. रेडिओच्या तळाशी घड्या घातलेले नवे रुमाल, मुरत ठेवलेले.

मी सांगितलं. मादी, गंध, नर, रुमाल, साबण का नको, अत्तर का नको, भूक का नाही. फार तर पाच मिनिटं लागली. मिशा दाखवल्या. “मादी एकच आहे, गाळणीत. बाकी सगळे नर.”

“माझी आईसुद्धा?” शिंपीणबाईंनी विचारलं.

“हो.”

कंडक्टरांनी स्वतःचा रिकामा रुमाल उलटून पाहिला. “तरीच,” ते म्हणाले. “वेळेवर यायची.” आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

काका घाबरले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा कागद काढला आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरला. “मग ही सही कुणाची, साहेब? तेव्हा म्हणालात नवा जीव. आता म्हणता गाळणी. लोकांनी कधीचं खरं धरायचं?”

प्रश्न बरोबर होता. आयुष्यात मला इतका बरोबर प्रश्न फार थोड्यांनी विचारला असेल.

“सही माझी आहे,” मी म्हणालो. “मी तपासलं नव्हतं. ही नवी जात नाही. ही साधीच आहे, फ्रीजमध्ये ठेवलेली.”

“आणि नाव?” ताई पुढे आली होती. “तिचं नाव?”

आमच्या शास्त्रात छापलेलं नाव पुसता येत नाही. चुकीचं ठरलं की ते खऱ्या नावाच्या खाली लिहितात. यादी जिथे जिथे छापली जाईल तिथे तिथे. मी तिला तेच सांगितलं. “राहील. पण चूक म्हणून.”

“कुणाची चूक?”

“माझी. तिच्या नावापुढे माझं नाव असतं.”

ती ऐकत होती. मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मी जिना चढल्यापासून वाट बघत होतो. “हे तुला कधी कळलं?”

आज, असं म्हणता आलं असतं. परवा काचपट्टी केली, हेही खरंच होतं. स्लाइडबाई माझ्याकडे बघत होत्या.

“सत्काराच्या दिवशी.”

ताईने बोटांवर मोजलं नाही. तिला मोजायची गरज नव्हती. तिने रुमालाची चौकोनी घडी केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “धुऊन टाक.”

*

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. सर्जन तरुण होता, सभ्य होता. “पाच महिन्यांपूर्वी नुसती गाठ काढली असती,” तो म्हणाला. पुढचं मला समजावून सांगत असताना मी त्याच्या टेबलावरचं कॅलेंडर वाचत होतो.

ताई आहे. केस परत आलेत. माझ्याशी कामापुरतं बोलते. एकदा मात्र न सांगता संग्रहालयात आली, तिसरा मजला चढून, मधे दोनदा थांबून. तिने भिंग मागितलं. मी कपाट चौदा उघडून दिलं. ती दुपारभर टाचणीची लेबलं वाचत बसली. गावाचं नाव, तारीख, कुणी पकडला. कुठल्यातरी खणापाशी तिने एक लेबल भिंगाखाली धरलं आणि म्हणाली, “इथे तिने आधी चुकीची तारीख लिहून खोडलीय.”

“हो,” मी म्हणालो. “बरोबर करून घ्यायची ती.”

काका सध्या दुसऱ्या शहरात आहेत असं ऐकतो. तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात म्हणे. म्हणून सांगतो, आणि हे सांगण्याचा अधिकार मला सर्वांत कमी आहे हे धरून ऐका. रुमाल धुऊन बघा. यंत्राची वायर कुठे जाते ते बघा. अत्तर लावून जा. आणि भिंतीवर कुणा शास्त्रज्ञाची सही दिसली, तर सही किती मोठ्या माणसाची आहे हे विचारू नका. त्याच्याकडे जा आणि विचारा, तुम्ही स्वतः तपासलंत का, दाखवा. तो चिडला तर पुन्हा विचारा. शंका घेतल्याने कुणाचं गेलेलं माणूस दुखावत नाही. शंका न घेतल्याने जिवंत माणसाचं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

ज्या दिवशी पाऊण तासाची काचपट्टी न करता मी त्या कागदावर सही केली, त्या दिवशी दुपारी तीननंतर मला काहीही काम नव्हतं.